साओ पाउलोहून, आई-बाबांना

ती. आई-बाबा,
सा. न.

पत्राला उशीर झाला, पण मी ठणठणीत आहे. रात्री एकटी हिंडत नाही, रस्त्यात मोबाइल बाहेर काढत नाही. आई, आता तरी नीट झोप.

जेवणाचं विचारलंस. इथे दुपारचं जेवण चक्क किलोवर मिळतं! ताटात हवं ते वाढून घ्यायचं, ताट काट्यावर ठेवायचं, चिठ्ठी मिळते. भात काय, मटण काय, भाव एकच. म्हणून शहाणी माणसं भात कमी घेतात. मी भातच घेते, वर काळ्या घेवड्याची उसळ. चिठ्ठी हरवली तर पंचाईत, म्हणून ती मुठीत धरूनच जेवते. पहिल्या दिवशी ताट जोखलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

बाबा, "जुनी वर्तमानपत्रं वाचायला एवढ्या लांब?" असं तुम्ही दोनदा म्हणालात. मी कुठल्याही राजकारणात पडलेली नाही. इथलं, म्हणजे ब्राझीलमधलं, लष्करी राज्य १९६४ ला आलं, १९८५ ला गेलं. त्या काळात बायकांनी काढलेले अंक मी वाचतेय. 'ब्राझील मुल्येर' १९७५ चं, लोंद्रीना शहरातलं. 'नॉस मुल्येरेस', म्हणजे 'आम्ही बायका', १९७६ चं, इथलंच, जेमतेम आठ अंक निघाले. असल्या छोट्या आकाराच्या पत्रांना इथे 'बुटकी' म्हणत. राजकैद्यांना सोडा, पाळणाघरं द्या, महागाई आवरा, सगळं एकाच दमात. आणि अंक वस्त्यांत नेऊन विकायचे तेही यांनीच. सरकारविरोधी पुरुषसुद्धा म्हणत, आधी हुकूमशाही जाऊ दे, बायकांचं मग बघू. आई, ओळखीचं वाटतंय ना? १९७९ ला माफीचा कायदा झाला, पण त्यात छळ करणारेही सुटले.

१९७५ म्हणजे आपली आणीबाणी. कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत तिच्याविरुद्ध कशा बोलल्या, हे आजोबांकडून ऐकलेलं तुम्हीच मला सांगितलंत. मग?

शिष्यवृत्ती उशिरा आली, त्यामुळे कर्जाच्या हप्त्यासाठी या महिन्यात थोडे कमी पाठवतेय. दादाला सांग, पुढच्या महिन्यात भरून काढते. सांगलीच्या स्थळाला सध्या नाही कळवा. मुलगा चांगला असेल, वाद नाही. इथे घटस्फोटाचा कायदाच १९७७ ला आला. घाबरू नका, सहज सांगितलं.

बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी मी नसणार. दादा आहे, वहिनी आहे, माहितीय. तरी थेंबांच्या वेळा मला लिहून पाठव. तिकडे सकाळचे आठ म्हणजे इथे रात्रीचे साडेअकरा. मी फोन करून आठवण करीन. जागीच असते तेव्हा.

तुमची,
मनू