नेनी, तुमचं पुस्तक अजून माझ्याकडेच आहे

प्रिय नेनी,

हे पत्र मी मराठीत लिहितेय, तुम्हाला वाचता येणार नाही हे माहितीये, फोनवर जर्मनमध्ये वाचून दाखवीनच. पण तुम्हीच म्हणाला होतात ना, की आभार मानायचे तर ज्या भाषेत आईशी बोलतेस त्या भाषेत मान, म्हणून.

हंगेरी सरकारची 'स्टिपेंडियम हंगेरिकम' स्कॉलरशिप घेऊन मी तिथल्या पेच शहरात आले तेव्हा हंगेरियनमधलं 'कोसोनोम' म्हणजे थँक्यू आणि वयस्कर बाईंना म्हणायचं 'नेनी' सोडून एक अक्षर येत नव्हतं. पुण्याला मॅक्सम्युलर भवनमध्ये जर्मन शिकले होते, पण ते इथे काय कामाचं असं वाटायचं. पहिल्याच महिन्यात तापाने फणफणले, दवाखान्यात फोन करून जर्मनमध्ये काहीतरी सांगायचा प्रयत्न करत जिन्यात उभी होते आणि समोरचं दार उघडून तुम्ही बाहेर आलात. न विचारता फोन माझ्या हातातून घेतलात, हंगेरियनमध्ये बोललात, कोट चढवलात आणि माझ्याबरोबर निघालात. पुढचे चार दिवस सूप. ते मी विसरणं शक्यच नाही, पण खरे आभार त्यानंतरच्या हिवाळ्याचे मानायचेत.

मी रोज एका शाळेवरून जायचे, पाटीवर 'कोख वालेरिया'. मला वाटायचं कोणीतरी देणगीदार बाई असणार. तुम्ही हसलात आणि कपाटातून एक जुनं पुस्तक काढलंत. म्हणालात, हंगेरियनमध्ये आडनाव आधी, जर्मनमध्ये नाव आधी, म्हणून ही कोख वालेरियाही आहे आणि वालेरिया कोखही आहे, आणि तिने लिहिलंही दोन्ही होऊन.

1949 साली सेदेरकेन्यमध्ये जन्मलेली, पेचच्या जवळचंच हे गाव, हंगेरीतल्या जर्मनभाषिकांच्या 'नॉये त्साइटुंग' या बुडापेस्टच्या साप्ताहिकात पत्रकार, आणि कवी. 1982 मध्ये तिचा संग्रह आला तो दोन भाषांत आणि दोन नावांनी, जर्मन 'त्सुफरझिख्ट' आणि हंगेरियन 'बिझालोम'. आपण दोघी एक अख्खी संध्याकाळ या दोन शब्दांवर बसलो होतो आठवतंय? मी डिक्शनरी बघून म्हटलं दोन्हीचा अर्थ विश्वास, तर तुम्ही म्हणालात नाही, जर्मन शब्द पुढे बघतो, होईल सगळं नीट असं म्हणतो, आणि हंगेरियन शब्द समोरच्या माणसाकडे बघतो. मराठीत काय म्हणशील? मी म्हटलं, एक उमेद आणि दुसरा भरवसा. तुम्ही ते दोन्ही शब्द माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतलेत.

आणि मग तुम्ही 1941 च्या जनगणनेचं सांगितलंत. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मातृभाषेच्या किंवा राष्ट्रीयतेच्या रकान्यात ज्यांनी 'जर्मन' लिहिलं होतं, युद्ध संपल्यावर त्याच नोंदींवरून माणसं देशाबाहेर काढली गेली, 19 जानेवारी 1946 ला बुडापेस्टजवळच्या बुडाओर्शपासून सुरुवात झाली आणि 1948 पर्यंत जवळजवळ दोन लाख माणसं बोचकी घेऊन गेली. तुमच्या मावशीचं घर गेलं. तुमच्या वडिलांनी 'हंगेरियन' लिहिलं होतं म्हणून तुम्ही राहिलात, पण त्यानंतर बसमध्ये तुमच्या तोंडून जर्मन शब्द आला की आई चिमटा काढायची. 1941 ला आजच्या हंगेरीच्या हद्दीत पावणेपाच लाख लोकांनी मातृभाषा जर्मन सांगितली होती, 1949 च्या जनगणनेत फक्त 22,455 जणांनी. वालेरिया जन्मली त्याच वर्षी. त्या रात्री मला झोप नाही लागली. आमच्या घरी बाबांनी जनगणनेचा फॉर्म भरताना मातृभाषा 'मराठी' सांगितलं होतं, चहा पिता पिता, बडोद्यात बसून, आणि कुणाला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

म्हणजे वालेरिया ज्या भाषेत लिहायला बसली ती भाषा तिच्या आधीच्या पिढीने तोंडात दाबून धरली होती हो. तिच्या पिढीतल्या कितीतरी जणांना घरी जर्मनची बोली, शाळेत हंगेरियन, आणि पुस्तकातली जर्मन ही जवळजवळ तिसरीच भाषा. 'नॉये त्साइटुंग'ने लोकांना लिहायला बोलावलं तेव्हा कुठे 1974 मध्ये 'टीफे वुर्त्सेल्न', म्हणजे खोल मुळं, हा संग्रह निघाला. वालेरिया 1998 मध्ये गेली, पन्नाशीही न गाठता. पुढच्या वर्षी तिचं निवडक लेखन आलं, त्याचं नाव 'भाषेचं सावत्र मूल'.

हे नाव वाचून मी रडले होते आणि तुम्हाला कारण सांगितलं नव्हतं, ते आज सांगते. पुण्याला हॉस्टेलवर मी तोंड उघडलं की मुली म्हणायच्या, तुझं मराठी वेगळंच आहे गं, गुजराती आहेस का? आणि बडोद्यात शाळेत आम्ही 'मराठी लोक'. मग मी पुण्यात हिंदीच बोलायला लागले. तुम्हीसुद्धा पहिल्या दिवशी मला म्हणाला होतात, माझी जर्मन काही खरी नाही, श्वाबांची, म्हणजे इथल्या जर्मनांची आहे, तुझी चांगली. नेनी, मी तीन वर्षं क्लास लावून शिकलेली भाषा आणि तुम्ही ऐंशी वर्षं जपलेली, त्यात माझी चांगली कशी? तेव्हा हे बोलायला माझं जर्मन पुरलं नाही.

आता मी बडोद्याला आले की आजीचे शब्द वहीत लिहून घेते, तिचे गुजराती मिसळलेले, जसेच्या तसे. साठेक झालेत. आजीला आधी लाज वाटायची, आता स्वतःच हाक मारते, हा लिहिलास का म्हणून.

तुम्ही त्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी दार उघडं ठेवलंत, चश्मा पुसत एकेक ओळ दोनदा वाचलीत, माझ्या चुका मोजल्या नाहीत. मनापासून आभार, नेनी.

पुस्तक पोस्टाने पाठवायची हिंमत होत नाहीये, वाटेत हरवलं तर. मी जानेवारीत स्वतः घेऊन येते. 19 तारखेच्या आत पोचते, म्हणजे त्या देशाबाहेर काढलेल्या माणसांसाठी तुमच्याबरोबर मेणबत्ती लावायला येता येईल.

तुमची,
समोरच्या दारातली मुलगी