कंपनीच्या नावाने आलेला फसवणुकीचा कॉल आणि चौकशीविना बंद केलेली तक्रार

दिनांक : 24 नोव्हेंबर 2025
तालुका चोपडा, जि. जळगाव

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग,
मोबाईल सेवा कंपनी, महाराष्ट्र परिमंडळ

विषय : वडिलांच्या मोबाईलवर आपल्या कंपनीच्या नावाने आलेला फसवणुकीचा कॉल, त्याची तक्रार चौकशीविना बंद करणे आणि नको असलेल्या व्यावसायिक कॉलचा त्रास याबाबत.

महोदय,

माझे व माझ्या वडिलांचे असे दोन्ही मोबाईल क्रमांक गेली अकरा वर्षे आपल्या कंपनीकडे आहेत. या क्रमांकांवर कोणत्याही प्रकारचे जाहिरातीचे कॉल येऊ नयेत म्हणून मी 2022 मध्येच 1909 वर ‘स्टार्ट 0’ असा संदेश पाठवून नोंदणी केली होती, आणि ती झाल्याचा आपला संदेश आजही माझ्याकडे आहे. त्यानंतरही कर्ज, विमा, प्लॉट आणि शेअर बाजारातील ‘टिप्स’ यांचे कॉल थांबले नाहीत. मात्र एवढ्यावरच भागले असते तर मी हे पत्र लिहिले नसते.

मंगळवार, दि. 11 नोव्हेंबर रोजी कांदेबाग केळीची कापणी सुरू असल्यामुळे मी सकाळपासून शेतात होतो आणि घरी आई व वडील दोघेच होते. साडेदहाच्या सुमारास वडिलांना एका साध्या दहा अंकी क्रमांकावरून कॉल आला. बोलणाऱ्याने आपण आपल्या कंपनीच्या मुख्य कार्यालयातून बोलत असल्याचे हिंदीत सांगितले. वडिलांच्या आधारवर मुंबईत दुसरे सिमकार्ड घेतले गेले आहे, त्यावरून महिलांना अश्लील संदेश गेले आहेत आणि दोन तासांत त्यांच्या नावावरील सर्व क्रमांक बंद होणार आहेत, तेव्हा तक्रार नोंदवायची असेल तर 9 दाबा, असे तो म्हणाला. वडिलांनी 9 दाबला. पुढे त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल आला, त्यात गणवेशातील एक इसम होता, आणि त्याने खोलीचे दार आतून लावून घ्यायला सांगितले.

माझ्या वडिलांचे वय 76 आहे. घरात अहिराणीखेरीज दुसरे न बोलणारा हा माणूस त्या दिवशी जवळजवळ दोन तास दोन्ही हातांत मोबाईल धरून ‘हां साहब, जी साहब’ म्हणत ताठ बसून होता. आईने खिडकीतून चहाचा कप आत ठेवला, तो साय धरून तसाच राहिला. पाणी प्यायलाही ते उठले नाहीत. नंतर कॉल चालू ठेवूनच त्यांना बँकेत पाठवण्यात आले. तेथे ते 3,40,000 रुपयांची मुदत ठेव मोडायला निघाले असताना, ते पुन्हा पुन्हा सदऱ्याच्या खिशावर हात ठेवत आहेत हे रोखपालाच्या लक्षात आले. त्याने अहिराणीतून विचारपूस केली आणि खिशातला मोबाईल काढून घेऊन कॉल कापला. आमची ठेव त्या रोखपालामुळे वाचली, आपल्या कोणत्याही यंत्रणेमुळे नाही, हे येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

व्हॉट्सअ‍ॅपवरील कॉलची जबाबदारी आपली नाही, हे मला समजते. परंतु पहिला कॉल मोबाईल नेटवर्कवरूनच आला होता, आणि वडिलांनी त्यावर विश्वास का ठेवला याची दोन कारणे थेट आपल्याशी संबंधित आहेत. पहिले कारण असे की, त्या इसमाने वडिलांच्या क्रमांकाचे शेवटचे रिचार्ज कोणत्या तारखेला व किती रुपयांचे झाले, हे अचूक सांगितले. ते रिचार्ज मी घरातूनच आपल्या अ‍ॅपवर केले होते, त्यामुळे कोणत्याही दुकानदाराला त्याची माहिती असण्याचे कारण नव्हते. ही माहिती बाहेर कशी गेली, याबाबत मी कोणावरही आरोप करीत नाही. मी खुलासा मागत आहे.

दुसरे कारण मला अधिक गंभीर वाटते. रिचार्ज संपत आले आहे, नवीन योजना घ्या, 1 दाबा, 2 दाबा, असे कॉल आपले प्रतिनिधीही साध्या दहा अंकी क्रमांकांवरून करतात. ऑक्टोबर महिन्यात वडिलांना असे चार कॉल आले. त्यांपैकी एक तरी आपल्याच प्रतिनिधीचा असल्याचे आपल्या चोपडा येथील विक्री केंद्राने मला समक्ष मान्य केले. जाहिरातीच्या कॉलसाठी 140 ने सुरू होणारी क्रमांकांची मालिका ठरवून दिलेली आहे आणि बँका व शासकीय संस्थांच्या सेवाविषयक कॉलसाठी 1600 ची मालिका सुरू झाली आहे, ती ग्राहकाला कॉल उचलण्यापूर्वीच ओळख पटावी म्हणूनच. आपणच ती शिस्त पाळली नाही, तर कंपनी कोणती आणि भामटा कोणता हे 76 वर्षांच्या माणसाने कशावरून ओळखावे? फोन लावताना वाजणारी सायबर फसवणुकीची सूचना वडिलांनीही अनेक महिने ऐकली होती. परंतु त्यांच्या समजुतीप्रमाणे ती सूचना परक्या माणसांबद्दल होती आणि हा कॉल तर फोनच्या कंपनीचाच होता. कंपनीने सांगितलेला अंक दाबण्याची सवय त्यांना आपणच लावली आहे.

त्याच दिवशी मी सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर घटना नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी, दि. 12 रोजी, 1909 वर कॉलचा क्रमांक, तारीख, वेळ व थोडक्यात मजकूर देऊन तक्रार केली. दि. 17 रोजी ‘तपशील अपुरा असल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे’ एवढाच संदेश आला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, नको असलेल्या व्यावसायिक कॉलबाबतच्या 2018 च्या विनियमांत फेब्रुवारी 2025 मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार असा कॉल आल्यापासून सात दिवसांच्या आत तक्रार करता येते, तिच्यासाठी कॉल करणाऱ्याचा क्रमांक, तारीख व थोडक्यात वर्णन पुरेसे असते, आणि नोंदणी नसलेल्या कॉलरवर पाच दिवसांत कारवाई करायची असते. यातले माझ्याकडून काय राहिले, हे त्या संदेशात नाही. पाच दिवसांची मुदत आपण बहुधा तक्रार बंद करण्यासाठीची समजलात.

मी आपल्या ग्राहक सेवा केंद्राशीही बोललो. तेथील ताईंनी अत्यंत नम्रपणे ‘सर, अनोळखी नंबर उचलूच नका’ असा सल्ला दिला. केळी उत्पादकाला हा सल्ला देणे म्हणजे माल विकू नका म्हणण्यासारखे आहे. कापणीच्या दिवसांत रोज नवा व्यापारी भाव विचारतो, ट्रकचालक रात्री अकराला फाट्यावरून रस्ता विचारतो, कापणाऱ्या टोळीचा मुकादम दर आठवड्याला दुसऱ्याच मजुराच्या मोबाईलवरून बोलतो, आणि थ्री फेज लाईन कधी येणार हे सांगणारा वायरमनही नवाच असतो. तयार घड झाडावर थांबत नाहीत. एका व्यापाऱ्याचे दोन कॉल मी त्रासाचे समजून कापले आणि तो शेजारच्या शेतातून गाडी भरून गेला, हेही मी याच महिन्यात अनुभवले आहे. दि. 1 ऑक्टोबरपासून मी एका वहीत अशा कॉलची नोंद ठेवत आहे. 10 नोव्हेंबरपर्यंत माझ्या एकट्याच्या क्रमांकावर 63 नको असलेले कॉल आले, त्यांपैकी 140 ने सुरू होणारे फक्त सात होते.

तरी दि. 12 रोजीची तक्रार पुन्हा उघडून तो क्रमांक कोणत्या कंपनीचा होता व त्यावर काय कारवाई झाली, हे मला लेखी कळवावे. वडिलांच्या रिचार्जची माहिती आपल्याकडे कोणाकोणाला दिसू शकते, याचा खुलासा करावा. तसेच आपली कंपनी ग्राहकांना ज्या क्रमांकांवरून कॉल करते, त्यांची यादी मराठीत छापून आपल्या प्रत्येक विक्री केंद्राच्या दर्शनी भागात लावावी, आणि त्या यादीबाहेरील क्रमांकांवरून आपल्या प्रतिनिधींनी कॉल करणे तत्काळ बंद करावे. यापैकी शेवटच्या मागणीला खर्च जवळपास नाही आणि माझा आग्रह तिच्यासाठीच सर्वात अधिक आहे. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास मी आपल्या अपील प्राधिकाऱ्याकडे व त्यानंतर जळगाव येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. दूरसंचार सेवेबाबतच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केले आहे.

ताजा कलम : हे पत्र लिहीत असताना, आज सायंकाळी 6 वाजून 40 मिनिटांनी, वडिलांच्या मोबाईलवर एका दहा अंकी क्रमांकावरून कॉल आला आणि ‘आपल्या तक्रारीच्या निराकरणाबाबत समाधानी असल्यास 1 दाबा’ असे कंपनीचे नाव घेऊन सांगण्यात आले. वडिलांनी मोबाईल माझ्याकडे दिला, मी काहीही न दाबता कॉल कापला. तो क्रमांक वहीतील शेवटच्या नोंदीत आहे. तो आपला होता किंवा नाही, हे कृपया कळवावे.

आपला विश्वासू,
(सही)
ग्राहक

सोबत : 1. 1909 वरील नोंदणी व तक्रारीच्या संदेशांच्या प्रती 2. वहीच्या चार पानांची झेरॉक्स