भाजणीसाठी तीन दुकानांची एक चिठ्ठी

पुणे

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा फोनवर म्हणाले, किराणावाले काका आणि कोपऱ्यावरचे भांडीवाले, दोघेही यंदा दिवाळीला आपल्या गिरणीबरोबर एकत्र जाहिरात करू आणि सवलतीच्या चिठ्ठ्या वाटू म्हणतात. बोलणं पुढे जाण्याआधी सगळं लिहून पाठवते. सावकाश वाचा आणि वाचून झाल्यावर दोघांनाही दाखवा.

दुकानं शेजारी असली म्हणजे जाहिरात एकत्र जमतेच असं नाही. गिऱ्हाईक तेच असावं लागतं, तेही त्याच आठवड्यातलं, आणि एकाच्या विक्रीने दुसऱ्याची विक्री कमी होता कामा नये. चकली घरी करणारी बाई डाळ-तांदूळ किराण्यातून नेते, दळण आपल्याकडे आणते आणि सोऱ्याची चकती हरवली असेल तर भांडीवाल्याकडे जाते. म्हणून हे त्रिकूट चांगलं आहे. गल्लीतल्या तयार फराळवाल्यांना मात्र यात घेऊ नका. माणसं भली आहेत, पण ज्या घरात तयार चकली गेली त्या घरातून भाजणी दळायला येत नाही.

काकांच्या दुकानात तयार भाजणीच्या पिशव्याही असतात, हे पहिल्याच बैठकीत काढा. त्या विकू नका असं म्हणायचा आपल्याला हक्क नाही. पण जे कोणी 'भाजणीचं सामान द्या' म्हणेल, त्याच्यापुढे आधी सामानच ठेवायचं, तयार पिशवी नाही, एवढं ठरलं पाहिजे. हे राहिलं तर आठवड्याभरात मनात किंतु येतो.

आता मुळातला प्रश्न. दिवाळीआधीच्या शेवटच्या चार दिवसांत गिरणीवर डब्यांची रांग असते. तेव्हा आणखी माणसं बोलावून काय करणार? त्यांना थांबावं लागणार आणि ती चिडून जाणार. आपल्याला गर्दी वाढवायची नाहीये, अलीकडे ओढायची आहे. म्हणून सूट कोजागरीपासून सुरू आणि वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी बंद. साधारण बारा दिवस मिळतात. छपाई दसऱ्याआधी हातात हवी, म्हणजे गहू दळायला येणाऱ्यांना आधीच कळेल.

त्या बारा दिवसांत भाजणीचे वार वेगळे ठेवा, समजा मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. गव्हानंतर लगेच भाजणी घातली की जात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ तिच्यात उतरतं आणि चकलीचा पोत बदलतो. मिरची-मसाल्यानंतर घातली तर बोलायलाच नको. भाजणीच्या दिवशी सकाळी आधी आपलेच दोन किलो तांदूळ दळून जातं साफ करायचं, मग दिवसभर फक्त भाजणी. ओळीने भाजणीच येत राहिली तर प्रत्येक डब्यामागे जातं साफ करण्यातला वेळ वाचतो. खरं सांगायचं तर आपला मोठा फायदा यातच आहे. महावितरणचा दुरुस्तीचा वार यात येणार नाही, तेवढं पाहा. बाबा, तासाला भाजणी किती किलो निघते ते घड्याळ लावून एकदा मोजा. दिवसाला किती कुपनं झेपतील हे त्यावरच ठरेल.

कुपन हातात मावेल एवढंच असू द्या. ए-४ कागदाचे आठ तुकडे केले की ७४ बाय १०५ मिलिमीटरची चिठ्ठी होते आणि १२५ कागदांत हजार चिठ्ठ्या निघतात. ७०० पिवळ्या, ३०० हिरव्या. पिवळी आपल्या गिरणीत चालेल, हिरवी भांड्यांच्या दुकानात. पिवळीवर 'कि' किंवा 'भां' असा ठसा आणि पुढे क्रमांक, म्हणजे माणूस कुणी पाठवला ते कळतं. हिरवी आपण द्यायची, दळण परत देताना, पिशवीला टाचून. भाजणी घरी गेली की पुढची गरज सोऱ्याचीच, म्हणून ती जागा अचूक आहे. कागद जरा जाड घ्या आणि गुळगुळीत चकचकीत टाळा, त्यावर पेन उठत नाही.

मुदतीचा घोळ हमखास होतो. भांडीवाले म्हणतील दोन दिवस पुरे. पुरत नाहीत. सामान नेल्यावर तांदूळ-डाळी धुवायच्या, सावलीत वाळवायच्या, मग एकेक वेगळं भाजायचं आणि पूर्ण गार करायचं. यात दोन दिवस सहज जातात, ढगाळ हवा असेल तर तीन. डाळ आत ओलसर राहिली किंवा भाजणी कोमट असतानाच आणली तर पीठ जात्याला चिकटतं आणि तुम्हाला जातं उघडावं लागतं. म्हणून चिठ्ठी दिल्या दिवसापासून आठ दिवस चालावी, आणि तिच्या मागच्या बाजूला 'पूर्ण गार करूनच दळायला आणा' हे छापावं.

सवलतीचं गणित तिघांचं वेगळं असतं. ज्याच्या दुकानात सूट, त्याच्याच गल्ल्यातून ती जाणार. एकमेकांना कमिशन नाही, मागाहून भरपाई नाही. भरपाई सुरू झाली की ती हिशेबात आणि जीएसटीत कुठे धरायची हा गुंता होतो, आणि वाद होतो तो वेगळाच. सूट बिलावरच लिहून वजा करायची.

आपलं पाहू. दर किलोला १५ रुपये धरला आणि ३ रुपये सोडले तर दोन किलोच्या भाजणीचे २४ रुपये येतात. वीज आणि जात्याच्या दगडाला टाकी लावायचा खर्च किलोला ४ रुपये धरला तर १६ उरतात. भांडीवाल्यांना सोऱ्यावर दहा टक्के परवडतील. काकांना मात्र डाळ-तांदळात सूट द्यायला लावू नका. तिथे मुळात नफा बारीक, दोन टक्के सोडले तरी त्यांना लागतं. त्यांनी सूट न देता सामान प्रमाणात मोजून द्यावं: तांदूळ १ किलो, हरभरा डाळ अर्धा किलो, उडीद डाळ पाव किलो, मूग डाळ आणि पोहे १२५-१२५ ग्रॅम, धणे ५० ग्रॅम, जिरे २५ ग्रॅम. वाट्यांचा हिशेब करायला लागत नाही, हेच पुष्कळ गिऱ्हाइकांना सवलतीपेक्षा मोलाचं वाटतं. आई, हे प्रमाण तुझंच आहे. त्याचा मोठ्या अक्षरातला कागद काकांच्या दुकानाच्या नावासह गिरणीत लाव. आपल्याकडून त्यांना गिऱ्हाईक जाईल ते त्या कागदामुळे. ते सूट देत नाहीत, म्हणून छपाईचा अर्धा खर्च त्यांनी घ्यावा. छपाई २४०० रुपयांत झाली असं धरलं तर काका १२०० आणि बाकी दोघं ६००-६००. आपले ६०० सुटायला १६ रुपयांप्रमाणे ३८ दळणं लागतात, पण ती नवी हवीत. नेहमीची गिऱ्हाइकं चिठ्ठी घेऊन आली तर ते आपण सोडलेले पैसे. आई, तू चेहरे ओळखतेस, तेव्हा पिवळी चिठ्ठी घेताना नव्या माणसाच्या चिठ्ठीवर फुली मारत जा.

दोन गोष्टी काकांना नक्की सांगा. सामान आधीच पाकिटात बांधून, लेबल लावून ठेवलं तर ते आवेष्टित माल ठरतं. मग त्यावर किंमत, वजन, पॅकिंगची तारीख हे सगळं छापावं लागतं आणि एरवी सुट्या डाळ-तांदळावर नसलेला ५ टक्के जीएसटीही येतो. गिऱ्हाइकासमोर सुटं मोजावं आणि बिलात एकेक जिन्नस लिहावा. डाळ, सोऱ्या, दळण मिळून 'एकच किंमत' असा दिवाळी संच करायची कल्पना कुणीतरी काढेल. तेही नको. वेगवेगळ्या कराच्या वस्तू एका किमतीत बांधल्या की त्यांतला सर्वांत जास्त दर संपूर्ण रकमेला लागतो.

एक पानभर नोंद करा आणि तिघांनी सह्या करा: तारखा, कोण काय देणार, कुणाचा किती खर्च, तक्रार आली तर कोण निस्तरणार, मध्येच थांबायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं. त्या कागदावर 'भागीदारी' हा शब्द घालू नका, 'एकत्रित जाहिरात' म्हणा. नफावाटणीचं एक वाक्यही नको. भागीदारीत एकाचं देणं दुसऱ्याच्या अंगावर येऊ शकतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर ज्याने त्याने आपल्याच गिऱ्हाइकांना निरोप पाठवावा. नंबरांच्या याद्या एकमेकांना द्यायच्या नाहीत. लोकांनी नंबर दळण झाल्याचा निरोप यावा म्हणून दिलेत. तिघांचा मिळून ग्रुपही नको, त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. ब्रॉडकास्ट यादी चालेल. एका यादीत २५६ जण मावतात, पण निरोप पोचतो फक्त ज्यांनी आपला नंबर जतन केलाय त्यांनाच, म्हणून गिरणीत नंबरची पाटी लावा. चौकात फ्लेक्स लावायचा हट्ट झाला तर नगरपालिकेची परवानगी हातात आल्याशिवाय नाही म्हणा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते काउंटरवर. मालक ठरवतात आणि मुलगा 'असं काही नाही' म्हणून चिठ्ठी परत करतो. ती बाई तिन्ही दुकानांवर नाराज होते. तिन्ही काउंटरच्या काचेखाली पिवळ्या-हिरव्या चिठ्ठीचा एकेक नमुना ठेवा, त्यावर 'हो, चालते' असं लिहून. रोज रात्री किती चिठ्ठ्या दिल्या, किती आल्या, त्यांत फुल्या किती, एवढे तीन आकडे एकमेकांना पाठवा. सहाव्या दिवशीही आपल्याकडे 'कि' ठशाच्या चिठ्ठ्या येत नसतील तर काकांकडे चिठ्ठी हातात दिली जात नाहीये, गल्ल्यापाशी गठ्ठा पडलाय असं समजा आणि स्वतः जाऊन पाहा.

पिवळ्या चिठ्ठीचा मजकूर खाली दिलाय. प्रेसला देण्याआधी आईने चष्मा न लावता वाचून पाहावा. अडखळली तर अक्षर मोठं करा.

'चकलीची भाजणी दळून मिळेल. मंगळ, गुरू, शनि. किलोमागे ३ रुपये कमी. ही चिठ्ठी दिल्यापासून ८ दिवस चालेल, वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळपर्यंतच. दिल्याची तारीख: ____'

तुमची लेक