‘हिटलर सर’ आणि एक मथळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलींच्या वसतिगृहातल्या पाण्याच्या हालांवर आलेल्या बातमीला आपण ‘वसतिगृह की छळछावणी?’ असा मथळा दिलात. मुलींची तक्रार रास्तच आहे. माझा आक्षेप आहे तो त्या शब्दाला. पण आधी स्वतःची कबुली देतो.

मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. मुलं मला पाठीमागे ‘हिटलर’ म्हणायची. मला ते ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोलू, आवडायचंही. निरोप समारंभात एका माजी विद्यार्थ्यानं ते माइकवरून सांगितलं, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो होतो.

निवृत्तीनंतर प्रिमो लेव्ही यांचं ‘इफ धिस इज अ मॅन’ हाती आलं. उचललं ते केवळ लेखक रसायनशास्त्राचा म्हणून. इटलीतल्या ट्युरिनचा हा ज्यू तरुण डिसेंबर १९४३ मध्ये पकडला गेला तेव्हा २४ वर्षांचा होता. पुढच्या फेब्रुवारीत त्याला ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत नेणाऱ्या गाडीत ६५० माणसं होती. त्यांतले ९६ पुरुष आणि २९ बायका तेवढ्या कामासाठी वेगळ्या काढल्या. बाकीच्यांतलं दोन दिवसांनी कुणीही जिवंत नव्हतं.

तिथल्या कृत्रिम रबराच्या कारखान्याला प्रयोगशाळेसाठी जाणकार कैदी हवे होते, म्हणून लेव्हींची चक्क तोंडी परीक्षा झाली. उपाशी, मळक्या कपड्यांतला माणूस टेबलामागच्या जर्मन डॉक्टरेटवाल्याला आपला पदवीचा विषय समजावतोय! अशा परीक्षा मी शेकड्यांनी घेतल्यात, म्हणून ती पानं मला एका बैठकीत वाचवली नाहीत. परतताना सोबतच्या मुकादमाच्या हाताला काळं ग्रीस लागतं. तो हात तो लेव्हींच्या खांद्याला पुसतो, आधी तळवा, मग मागची बाजू. त्यात राग नाही की चेष्टा नाही. फडक्याला पुसावा तसा.

तिथे मला हिटलर आठवला नाही. आमच्या प्रयोगशाळेतले परिचर आठवले. मी बोलता बोलता, न बघता हात मागे करायचो आणि ते त्यात फडकं ठेवायचे. इतक्या वर्षांत त्यांच्या मुलांची नावं मी कधी विचारली नाहीत. या दोन गोष्टींची तुलना होत नाही, हे मला कळतं. तरी आठवले ते तेच.

लेव्हींनी आणखी एका, १९८६ च्या पुस्तकात चमच्यांविषयी लिहिलंय. कैद्यांना चमचा देत नसत. सूप कुत्र्यासारखं चाटायचं, नाहीतर वाट्याचा पाव देऊन चमचा विकत घ्यायचा. छावणी सुटल्यावर कोठारात हजारो कोरे चमचे सापडले. म्हणजे टंचाई नव्हतीच.

छळछावणी म्हणजे हे. तो शब्द आपण क्लासला, डाएटला, सासूला लावून मोकळे होतो. मीही त्यातलाच. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘ते नाव आता नको’ असं लिहिलं, तर दोन दिवस कुणी काही बोललं नाही. मग एकानं विचारलं, ‘सर, तब्येत बरी आहे ना?’

असो. आपल्या त्या बातमीत वसतिगृहात पाणी दिवसातून किती वेळ येतं, हे मात्र कुठेच छापलेलं नव्हतं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा