अण्णाकाकांच्या छातीतलं गळू

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू अण्णाकाकांच्या ऑपरेशनचाच धोशा लावलास. काकू शेजारी होती, मला मोकळं बोलता येईना, म्हणून लिहिते.

पहिलं म्हणजे भाऊजींना टीबी नाही, फुफ्फुसात पुवाचं गळू झालंय. वजन उतरलेलं, रात्री घाम, एक्स-रेत पोकळी, म्हणजे शंका येणारच. आपल्याकडे यायलाच हवी. पण बेडक्यात टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह आली. आणि त्या पोकळीत खाली पू, वर हवा, मध्ये सरळ रेघ दिसते. बेडक्याला घाण वासही येतो. वॉर्डात जन्म काढलेल्या नर्सला तो वास पुरतो.

झालं कसं? पिऊन माणूस निपचित पडला की ठसका लागत नाही. भाऊजींच्या हिरड्या कित्येक वर्षांच्या सडलेल्या. तिथले जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरले. उजवी नळी जास्त सरळ आणि रुंद, म्हणून बहुधा उजवं फुफ्फुस सापडतं, तसंच यांचं झालं.

काखेतल्या गळवाला चीर देतात, मग इथे का नाही, असं तू म्हणालास. अरे, हे गळू बहुतेकदा आतच श्वासनलिकेत फुटतं आणि पू खोकल्यावाटे पडतो. भाऊजींचे ते वाटीभर बेडके म्हणजे तेच. दहातले आठ-नऊ जण नुसत्या अँटिबायोटिकने बरे होतात. गळू फार मोठं असलं, औषध लागू पडलं नाही किंवा रक्त फार पडू लागलं, तरच पू काढायला बाहेरून नळी नाहीतर ऑपरेशन. विडी ओढणारा माणूस, आत कॅन्सरची गाठ तर नाही ना, म्हणून दुर्बिणीने बघणार आहेत. ते मात्र करायलाच हवं.

ताप उतरायला आठवडाही लागतो, तेवढ्यावरून डॉक्टर बदलायचे नाहीत. सध्या इंजेक्शनं चालू आहेत, मग अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिकच्या गोळ्या. चार ते सहा आठवडे, एक्स-रे साफ होत नसेल तर आणखी. मला भीती आहे ती तिथेच. ताप गेला, भूक लागली की भाऊजी गोळ्या कोनाड्यात ठेवणार. माझं ऐकायचे नाहीत, तुझं ऐकतात. रोज रात्री फोन करून विचार.

पैसे दाताच्या डॉक्टरांसाठी ठेव. आणि काकूला टीबी नाही हे तूही एकदा सांग. शेजारीण पोरांना तिच्याकडे पाठवेनाशी झाली आहे.

तुझी,
आई