सहा महिन्यांची मुदत कुणी सांगितलीच नाही

महोदय,
पुणे-सातारा महामार्गावर शिरवळजवळ ट्रकने माझ्या यजमानांच्या दुचाकीला मागून धडक दिली. मांडीचे हाड मोडले. नुकसानभरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांत अर्ज करायचा, ही १ एप्रिल २०२२ पासूनची अट आम्हाला पाचव्या महिन्यात कळली, तीही फिजिओथेरपीला येणाऱ्या एका बाईंकडून. पंचनाम्याची नक्कल घेताना पोलीस ठाण्यात कुणी अवाक्षर काढले नव्हते. पिशवीतली औषधांची बिले काढली, तर निम्म्यांवरची शाई उडालेली, नुसते कोरे कागद! झेरॉक्स काढून ठेवायचे सुचलेच नाही. दावा साताऱ्यालाच नव्हे, आपण राहतो तिथेही दाखल करता येतो, हे वकिलांनी सांगितले तेव्हा जीव भांड्यात पडला. दवाखान्यातून घरी सोडताना देतात त्या कागदावर ही मुदत ठळक छापा, एवढीच विनंती.

– एक वाचक, मिरज