‘कल्चर’ म्हणजे खोटा मोती नव्हे

मा. संपादक,
स. न.

लग्नसराईत लेकी-सुनांसाठी चिंचपेटी, तन्मणी, कुड्या घ्यायच्या, तर आता लक्ष्मी रोड पालथा न घालता मोबाइलवरूनच मागवल्या जातात. त्याला हरकत नाही. घोळ होतो तो एका शब्दापाशी. वर्णनात ‘कल्चर्ड’ दिसले की आपली मंडळी ‘म्हणजे खोटा’ म्हणून पुढे सरकतात आणि ‘नैसर्गिक शेल पर्ल’ वाचून पैसे भरतात. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. कल्चर्ड मोती जिवंत शिंपल्यातच वाढतो, माणूस फक्त सुरुवात करून देतो. जपानमध्ये मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये असा अर्धगोल मोती मिळवला, आणि आज नव्याने बाजारात येणारे जवळजवळ सगळे खरे मोती कल्चर्डच असतात. शेल पर्ल म्हणजे मात्र शिंपल्याच्या कवचाचा मणी, वरून चकाकीचा थर दिलेला. ‘मदर ऑफ पर्ल’ हेही कवचच.

‘बसरा’ या नावाची तर चेष्टाच चालली आहे. बसरा मोती म्हणजे इराणच्या आखातातला, माणसाचा हात न लागता बनलेला मोती. तो आता मुख्यतः जुन्या दागिन्यांतूनच मिळतो. दीड हजाराच्या नथीतला ‘अस्सल बसरा’ हा खरा मोती असलाच, तर बहुधा चीनमधला गोड्या पाण्यातला बारीक मोती असतो. नथीला तो शोभतोही, पण मग विकावा त्याच नावाने. नैसर्गिक की कल्चर्ड हे मुरलेल्या सराफालाही नुसत्या नजरेने ठामपणे सांगता येत नाही, प्रयोगशाळेत क्ष-किरण तपासणी लागते. ‘ट्रिपल ए’ ही प्रत ज्याची त्याने ठरवलेली. हॉलमार्क आणि त्यातला सहा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक (एचयूआयडी) हे सोन्याच्या शुद्धतेपुरते, मोत्याविषयी चकार शब्द नाही.

सर मागवताना थोडे गणित करावे. १६ इंच म्हणजे सुमारे ४०६ मिलिमीटर. मोती ७ मिलिमीटरचे आणि प्रत्येक मोत्यामागे गाठ असेल, तर मागचा फासा धरून ५०-५२ मोती बसतात. फोटोत ६५ मोजले गेले, तर मोती साडेपाच मिलिमीटरच्या आसपासचे समजावेत. हा दीड मिलिमीटर किरकोळ नाही, मोत्याचा भाव आकाराबरोबर झपाट्याने चढतो. गाठ नसलेला सरही टाळावा: दोरा तुटला की सगळे मोती घरभर होतात, आणि तोवर एकमेकांना घासून झिजतात ते वेगळेच.

डबा हाती आल्यावर दहापट भिंगातून भोकाच्या कडा पाहाव्यात. नकली मण्याचा थर तिथे पापुद्र्यासारखा सुटलेला दिसतो. रंगवलेल्या ‘काळ्या’ मोत्यात रंग भोकापाशी साकळतो. दोन मोती एकमेकांवर अगदी हलके फिरवले तर खऱ्याची बारीक खर बोटांना जाणवते, नकली सुळकन घसरतात. जराशी पांढरी भुकटी आली तर घाबरू नये, पुसली की जाते. काडी पेटवून मोती जाळून पाहण्याचे उद्योग मात्र कृपया नकोत.

आणि हे सगळे वेळेत. भेटवस्तूची गोची इथेच होते. दागिना महिनाभर आधी येतो, चमकी कागदात गुंडाळलेला कपाटात राहतो आणि केळवणाला उघडतो, तोवर परतीचे सात-दहा दिवस कधीच सरलेले असतात. म्हणून ‘गिफ्ट रॅप करून थेट पाठवा’ हा पर्याय निवडूच नये. डबा उघडतानाचा व्हिडिओ काढावा, खूणचिठ्ठी (टॅग) तोडू नये. वर्णनाचा स्क्रीनशॉट खरेदीच्याच दिवशी ठेवावा, ते नंतर गुपचूप बदलते. बिलावर नुसते ‘पर्ल सेट’ नको. कल्चर्ड, गोड्या पाण्यातले, मिलिमीटर, वजन, सगळे हवे. विक्रेता टोलवाटोलवी करू लागला तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. ग्राहक हेल्पलाइन १९१५. विक्रेता सुरतेचा असो वा दिल्लीचा, २०१९ च्या कायद्यामुळे पुण्याच्या रहिवाशाला पुण्याच्याच ग्राहक आयोगात दाद मागता येते.

सुनेच्या हाती डबा देताना एवढे जरूर सांगावे, की चांदीसारखे हे चिंचेने उजळायचे नाही. मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, आंबटाने त्याचे पाणी जाते. अत्तर आधी, मोती नंतर. ठेवायचे मलमलीत, प्लास्टिकच्या बंद पिशवीत नव्हे. गाठींमध्ये फट दिसू लागली की पटवेकऱ्याकडून पुन्हा ओवून घ्यावेत.

संकेतस्थळांकडून मागणी एकच: ‘इमिटेशन’ हा शब्द फोटोच्या खाली, किमतीइतक्याच ठळक अक्षरांत यावा. आज तो बहुतेक ठिकाणी ‘अधिक वाचा’ दाबल्यावर, तेही धुण्या-पुसण्याच्या सूचनांच्या खाली सापडतो.

– एक वाचक, रविवार पेठ, पुणे